दोन काठ्या : विल्बर राइट याचें चरित्र

गेल्या हिवाळ्यांत आपल्या शाळेच्या मैदानावर वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं एक लहानसें विमान उडविलें. त्याला इंजिन नव्हतें. हलक्या लाकडाचे दोन लांब पंख, एक शेपूट आणि पोटांत बिनतारी संदेश ग्रहण करणारें चिमुकलें यंत्र, एवढाच त्याचा संसार. जमिनीवर उभ्या असलेल्या मुलाच्या हातांत ट्रान्समीटरची पेटी होती व तिच्यावर दोन आखूड दांडे होते. उजवा दांडा बाजूला कलविला कीं पंखांच्या मागच्या कडेला बसविलेल्या झडपा हालत. तोच पुढेंमागें केला कीं शेपटीवरील आडवें सुकाणू हाले. डाव्या दांड्यानें उभें सुकाणू वळे. विमान हातानें वाऱ्यावर सोडण्यांत आलें. तें क्षणभर सुरेख तरंगलें, मग किंचित् डावीकडे कललें. मुलानें तें सावरण्यासाठीं दांडा उजवीकडे दाबला, आणि सावरण्याऐवजीं तें अधिकच डावीकडे कलून चिंचेच्या बुंध्यावर आपटलें. झडपांच्या हालचालीची दिशा पेटींत उलटी लावली गेली होती. दांडा उजवीकडे केला असतां उजव्या पंखाची झडप वर व डाव्या पंखाची खालीं गेली पाहिजे. एवढें पाहून घेण्यास दहा सेकंद पुरतात. तें पाहावयाचें राहून गेलें होतें.

मोडलेला पंख हातांत घेऊन उभ्या राहिलेल्या त्या मुलांशीं बोलतांना माझ्या ध्यानांत आलें कीं, विमान म्हणजे पंख आणि इंजिन, आणि चालविण्याची विद्या मागाहून शिकावयाची, अशीच त्यांची कल्पना होती. सव्वाशें वर्षांपूर्वीं युरोप-अमेरिकेंतील मोठमोठ्या विद्वानांचीहि कल्पना तीच होती. ती ज्यानें मोडून काढली तो मनुष्य विद्यापीठांत गेलेला नव्हता. तो सायकलींचा दुकानदार होता, आणि त्याच्याहि हातांत प्रथम दोन काठ्याच होत्या.

विल्बर राइट याचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजीं अमेरिकेच्या इंडियाना प्रांतांत मिलव्हिल गांवाजवळ झाला. त्याचे वडील मिल्टन राइट हे युनायटेड ब्रदरेन नांवाच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते व १८७७ त त्यांना बिशपचें पद मिळालें. धर्मकार्यानिमित्त त्यांना वर्षांतील कित्येक महिने प्रवासांत घालवावे लागत आणि कुटुंबाचें बिऱ्हाडहि वारंवार हाले. आई सुझान ही गाड्या तयार करणाऱ्या कारागिराची मुलगी. हत्यारें वापरण्याची कला तिनें बापाच्या कारखान्यांत पाहून उचलली होती, आणि मुलांचें खेळणें मोडलें कीं तीं बापाकडे न जातां तिच्याकडे धांवत. विल्बरला दोन वडील भाऊ होते. त्याच्या पाठीवर चार वर्षांनीं ऑर्व्हिल व त्यानंतर कॅथरिन हीं भावंडें झालीं.

१८७८ सालीं बिशपसाहेब प्रवासाहून परततांना मुलांसाठीं एक खेळणें घेऊन आले. बांबू, बूच आणि कागद यांचें तें केलेलें होतें, आणि रबराला पीळ देऊन सोडलें कीं तें जमिनीवर न पडतां छताकडे झेपावे. तें मोडेपर्यंत दोघे भाऊ त्याच्याशीं खेळले आणि मोडल्यावर त्यांनीं तसलींच दुसरीं करून पाहिलीं. आश्चर्य असें कीं, खेळणें मोठें करावें तों तें कमी उडे. हें कां, याचें उत्तर त्या वयांत त्यांना सांपडलें नाहीं.

विल्बर अभ्यासांत हुशार व खेळांत चपळ होता. हायस्कूलचा अभ्यासक्रम त्यानें रिचमंड येथें पुरा केला. परंतु पदवीदानाच्या समारंभापूर्वींच, १८८४ त, कुटुंब ओहायो प्रांतांतील डेटन शहरीं राहावयास गेलें आणि त्याचें प्रमाणपत्र घ्यावयाचें राहिलें. (तें १९९४ सालीं, त्याच्या जन्मतिथीस, शाळेनें मरणोत्तर दिलें.) पुढें येल विद्यापीठांत जावें, असा विचार घरांत चालला होता. परंतु १८८५-८६ च्या हिवाळ्यांत बर्फावरील खेळांत एका मुलाच्या हातची काठी त्याच्या तोंडावर बसली व वरचे पुढचे दांत गेले. जखम भरली, पण हृदयाची धडधड व पचनाचा विकार मागें राहिला, आणि त्याहून वाईट म्हणजे मनाची उमेद गेली. येलचें नांव पुन्हां निघालें नाहीं. 

याच सुमारास आईला क्षयानें ग्रासलें होतें. थोरले भाऊ आपापल्या मार्गाला, वडील दौऱ्यावर. तेव्हां हा एकोणीस-वीस वर्षांचा तरुण घरीं बसून आईची शुश्रूषा करूं लागला. तिला उचलून खालच्या मजल्यावर आणावें, रात्रीं परत वर न्यावें, आणि मधल्या वेळांत बापाच्या ग्रंथसंग्रहांतील पुस्तकें वाचावीं, हा त्याचा क्रम ४ जुलै १८८९ रोजीं आई वारली तोंपर्यंत चालला. विल्बरचें शिक्षण वायां गेलें असें त्या वेळीं शेजाऱ्यांना वाटलें असल्यास नवल नाहीं. मला मात्र वाटतें कीं, एका जागीं बसून एकच गोष्ट वर्षानुवर्षें धीरानें करीत राहण्याची जी शक्ति पुढें त्याच्यांत दिसली, ती त्यानें त्या आजाऱ्याच्या खोलींत कमावली. 

दोघां भावांनीं छापखाना काढला, एक स्थानिक वर्तमानपत्र चालविलें, आणि १८९२ त सायकलींचें दुकान थाटलें. १८९६ पासून ते स्वतः सायकली तयार करूं लागले. याच वर्षाच्या ऑगस्टांत जर्मनींतून एक बातमी आली. ऑटो लिलिएंटाल नांवाचा एंजिनियर वेताचे व कापडाचे पंख खांद्यांस अडकवून टेकड्यांवरून हवेंत घसरत जाई. अशीं सुमारें दोन हजार उड्डाणें त्यानें केलीं होतीं. ९ ऑगस्टला वाऱ्याचा झोत आला, पंखांचा तोल गेला व तो कोसळला. दुसरे दिवशीं त्याचा अंत झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ऑर्व्हिल विषमज्वरानें अंथरुणास खिळला. त्याच्या उशाशीं बसून विल्बर या मृत्यूचा विचार करीत असे.

लिलिएंटाल याचे पंख चांगले होते. मग तो पडला कां? आपल्या शरीराचा भार इकडेतिकडे फेकून तो तोल सांभाळी. वारा बळावला कीं मनुष्याचा लोंबता देह पुरा पडत नाहीं. शिवाय विल्बरनें हिशेब केला कीं, पांच वर्षांच्या खटाटोपांत हा शूर पुरुष प्रत्यक्ष हवेंत सारा मिळून पांचच तास राहिला असेल. पांच तासांच्या सरावावर सायकल घेऊन कोणी भर बाजारांतून जाणार नाहीं! सायकल मुळींच स्थिर नसते. ती सतत पडूं पाहते आणि बसणारा तिला सतत सावरतो. तें सावरणें अंगवळणीं पडलें कीं आपण म्हणतों, याला सायकल येते. विमानहि असेंच असावें, आपोआप स्थिर नसून चालकाच्या हातांत असावें, हा विल्बरचा विचार सायकलीच्या दुकानांत जन्मला. इतर लोक हलकें व जोरकस इंजिन शोधीत होते. त्यानें आधीं लगाम शोधावयाचें ठरविलें, घोडा मागाहून.

३० मे १८९९ रोजीं त्यानें वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियन संस्थेस पत्र लिहून उड्डाणविषयक लेख व ग्रंथांची यादी मागविली. संस्थेनें तीं धाडलीं. वाचून झाल्यावर त्याच्या ध्यानांत आलें कीं, डावीउजवीकडे कलणारें यंत्र सरळ कसें करावें याचा विचार जवळजवळ कोणीच केलेला नाहीं. पक्षी तोल सांवरतांना एका पंखाचें टोक वर व दुसऱ्याचें खालीं मुरडतात, हें त्यानें पाहिलें होतें. परंतु लांकडाच्या ताठ सांगाड्याला मुरडावें कसें? जुलै महिन्यांत एके दिवशीं दुकानांत गिऱ्हाइकाला सायकलची रबरी नळी विकल्यावर तिचें रिकामें पुठ्ठ्याचें खोकें बोलतां बोलतां त्याच्या हातीं राहिलें. लांबट खोक्याचीं दोन टोकें त्यानें सहज उलटसुलट दिशांनीं पिळलीं. खोकें पिळलें गेलें, पण मोडलें नाहीं. खोक्याचा वरचा व खालचा पृष्ठभाग म्हणजे विमानाचे एकावर एक असलेले दोन पंख, असें मानलें कीं झालें! 

पुढील कांहीं दिवसांत त्यानें पांच फूट लांबीचा, दोन मजली पंखांचा एक पतंग तयार केला. पंखांच्या पुढील कोपऱ्यांस चार दोऱ्या बांधल्या. त्यांपैकीं दोन एका काठीच्या टोकांना व दोन दुसरीच्या टोकांना. डाव्या हातांत एक काठी, उजव्या हातांत दुसरी. काठ्या परस्परविरुद्ध कलविल्या कीं पंख पिळले जात व पतंग एका बाजूस झुके. दोन्ही एकाच दिशेस कलविल्या कीं तो वर चढे किंवा खालीं येई. ऑर्व्हिल त्या वेळीं बाहेरगांवीं गेला होता, म्हणून विल्बर एकटाच डेटनच्या बाहेर मोकळ्या जागीं गेला. पाहावयास शाळकरी मुलेंच काय तीं होतीं. पतंग आज्ञा मानी, पण एकदोनदां त्यानें अशी बुडी मारली कीं मुलांना जमिनीवर पालथें पडून डोकीं वांचवावीं लागलीं. 

निकोला टेस्ला यानें आदल्याच वर्षीं, १८९८ त, न्यूयॉर्क येथें पाण्यांतील एक लहान नौका बिनतारी लहरींनीं लांबून चालवून दाखविली होती. त्या नौकेची विद्या आणि या पतंगाची विद्या पुढें एकत्र आली, तेव्हां आपल्या मैदानावरील मुलाच्या हातांतील पेटी निर्माण झाली. विल्बरच्या दोऱ्यांच्या जागीं लहरी आल्या. दोन दांडे राहिले ते राहिलेच.

आतां हवा होता जोराचा व एकसारखा वारा, आणि पडल्यास हाडें न मोडणारी जमीन. हवामानखात्याच्या नोंदी चाळून विल्बरनें नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरील किटी हॉक हें कोळ्यांचें गांव निवडलें. तेथील विल्यम टेट नांवाच्या गृहस्थानें आगत्याचें उत्तर पाठविलें, आणि सप्टेंबर १९०० मध्यें विल्बर निघाला. वाटेंतील खाडी ओलांडतांना ज्या मोडकळीस आलेल्या होडींत तो बसला, ती वादळांत सांपडली. आणि होडींतील गलिच्छ अन्न न खातां बहिणीनें पेटींत घातलेल्या मुरंब्याच्या बरणीवरच त्यानें दिवस काढले. टेट यांच्या अंगणांत, त्यांच्या पत्नीच्या शिवणयंत्रावर त्यानें पंखांचें साटिनी कापड बेतून शिवलें. ऑर्व्हिलहि मागाहून येऊन मिळाला.

हें सतरा फुटी यंत्र त्या वर्षीं बहुतेक वेळ पतंगाप्रमाणेंच उडविण्यांत आलें. कधीं त्यांत साखळ्यांचें वजन ठेवीत, कधीं टेट यांच्या घराण्यांतील टॉम नांवाच्या हलक्या मुलाला बसवीत, आणि जमिनीवरून दोऱ्यांनीं सुकाणूं चालवीत. विल्बर स्वतः वाळूच्या टेकडीवरून घसरला तो शेवटीं, आणि सगळीं उड्डाणें मिळून सुमारें दोन मिनिटें हवेंत राहिला. महिनाभर खपून दोन मिनिटें! परंतु सुकाणूं कशीं वागतात हें कळलें होतें व कोणाच्या अंगास ओरखडाहि उठला नव्हता. परततांना यंत्र तेथेंच टाकलें. टेटबाईंनीं त्याचें कापड काढून आपल्या मुलींचे झगे शिवले.

१९०१ चें वर्ष वाईट गेलें. नवें यंत्र मोठें होतें, पण लिलिएंटालच्या कोष्टकांवरून जेवढा उचल मिळावयास हवा होता त्याच्या एक तृतीयांशच मिळाला. शिवाय डांसांनीं रात्रीं झोंप येऊं दिली नाहीं. सर्वांत चमत्कारिक गोष्ट अशी कीं, डावा पंख खालीं नेण्यासाठीं पंख पिळले असतां यंत्र कधीं कधीं डावीकडे न वळतां उजवीकडेच तोंड फिरवी. विल्बर इतका निराश झाला कीं, हें काम सोडून द्यावें असें त्याच्या मनानें घेतलें. शिकागोचे वृद्ध एंजिनियर ऑक्टेव्ह शनूट यांनीं त्या वेळीं त्याला व्याख्यानास बोलावून धीर दिला नसता तर काय झालें असतें, कोण जाणे. परत आल्यावर भावांनीं सहा फूट लांबीची एक लांकडी पेटी केली, तिच्या एका टोकास पंखा बसविला, आणि वाहत्या हवेंत पत्र्याचे बोटभर आकाराचे सुमारें दोनशें पंख एकामागून एक तपासले. दुसऱ्यांच्या आंकड्यांवर विसंबण्याचें त्यांनीं येथून सोडलें.

याच काळांतील एक लहानशी हकीकत चरित्रकार थोडक्यांत उरकतात, पण मला ती महत्त्वाची वाटते. बिशपसाहेबांच्या मंडळीच्या प्रकाशनसंस्थेंत पैशांची अफरातफर झाल्याचा संशय होता, आणि ती झांकून टाकावी असें पुष्कळांस वाटे. १९०२ त विल्बर स्वतः जाऊन हिशेबाच्या वह्या घेऊन बसला, रकमांची ओळीनें तपासणी केली, आणि काय गहाळ झालें तें छापून प्रसिद्ध केलें. बापाला त्यापायीं मंडळींत बराच छळ सोसावा लागला, पण मुलगा हटला नाहीं. हवेच्या दाबाचे आंकडे तपासणारा आणि मंडळीच्या वह्या तपासणारा मनुष्य एकच होता.

१९०२ चें यंत्र बत्तीस फुटी होतें आणि त्याला मागें उभें पुच्छ बसविलें होतें. तें पूर्वींच्या यंत्रांहून कितीतरी सुरेख उडे. परंतु मधूनच एक पंख खालीं जाई, पंख पिळूनहि तो वर येत नसे, आणि यंत्र गरगरत येऊन वाळूंत खड्डा पाडी. भाऊ थट्टेनें याला विहीर खणणें म्हणत. याचें कारण येथें सांगितलें पाहिजे. कारण आपल्या मुलांच्या विमानालाहि तोच नियम लागू आहे. ज्या पंखाला अधिक उचल मिळतो त्याला हवेचा अडथळाहि अधिक होतो. म्हणून वर जाणारा पंख मागें खेंचला जातो, आणि ज्या बाजूस वळावयाचें तिच्या उलट बाजूस विमानाचें नाक वळतें. स्थिर पुच्छानें हा दोष जाण्याऐवजीं कधीं कधीं वाढे. कारण यंत्र खालच्या पंखाकडे घसरूं लागलें कीं बाजूची हवा पुच्छावर आदळून त्याला आणखीच फिरवी. एके रात्रीं झोंप न आल्यामुळें विचार करीत पडलेल्या ऑर्व्हिलला सुचलें कीं, पुच्छ हलतें करावें. विल्बरनें सकाळीं तें ऐकून घेतलें आणि त्यांत स्वतःची भर घातली: पुच्छाच्या तारा पंख पिळणाऱ्या तारांनाच जोडाव्या, म्हणजे चालकाला वेगळें कांहीं करावयास नको. चालक पंखावर पालथा निजून कमरेखालच्या पाळण्यानें पंख पिळी. आतां त्याच हालचालीनें सुकाणूहि वळूं लागलें. 

आजच्या ट्रान्समीटरमध्यें झडपांच्या दांड्याबरोबर उभें सुकाणू आपोआप थोडेंसें वळेल अशी सांगड घालतां येते. आणि वर जाणारी झडप अधिक व खालीं जाणारी कमी हालावी, अशीहि योजना करतां येते. पेटीच्या लहानशा पडद्यावर हे आंकडे भरतांना आपल्या मुलांना तें एक कोडें वाटतें. विल्बर व ऑर्व्हिल यांना तें उत्तर वाळूंत आपटून आपटून मिळालें होतें. त्या शरदृतूंत त्यांनीं सातशेंपासून हजारपर्यंत उड्डाणें केलीं. सर्वांत लांब ६२२ फुटांचें, २६ सेकंदांचें होतें. मार्च १९०३ त त्यांनीं पेटंटसाठीं अर्ज केला. त्या अर्जांत इंजिनाचा पत्ता नाहीं. तीन दिशांनीं विमान ताब्यांत ठेवण्याची रीत, एवढाच त्याचा विषय आहे.

इंजिनाचें पुढील प्रकरण प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक असतें, म्हणून मी तें लांबवीत नाहीं. १४ डिसेंबर १९०३ रोजीं नाणें उडवून पहिला मान कोणाचा हें ठरलें व तो विल्बरला मिळाला. पण त्यानें नाक प्रमाणाबाहेर वर केलें आणि साडेतीन सेकंदांत यंत्र वाळूंत आलें. १७ डिसेंबरला ऑर्व्हिल १२ सेकंदांत १२० फूट गेला, आणि दुपारीं चौथ्या उड्डाणांत विल्बर ५९ सेकंदांत ८५२ फूट. सारा खर्च हजार डॉलरांच्या आंत होता. त्याच डिसेंबरच्या ८ तारखेस स्मिथ्सोनियन संस्थेचे प्रमुख लँग्ली यांचें यंत्र दुसऱ्यांदा पोटोमॅक नदींत पडलें होतें. त्याच्यासाठीं सरकारनें पन्नास हजार डॉलर दिले होते. त्याचें इंजिन फार उत्तम होतें. 

पुढील दोन वर्षें डेटनजवळील हफमन नांवाच्या कुरणांत गेलीं. १९०५ त भावांनीं सुकाणूची व पंखांची सांगड सोडवून सुकाणूला स्वतंत्र दांडा दिला. सांगड शिकाऊ हाताला सोयीची, पण सराईत हाताला तिची अडचण होते, असें त्यांना आढळलें. ५ ऑक्टोबरला विल्बर ३९ मिनिटांत २४ मैल फिरून उतरला. जगानें मात्र विश्वास ठेविला नाहीं, आणि पेटंट मिळून करार होईपर्यंत त्यांनींहि यंत्र कोणास दाखविलें नाहीं.

१९०८ त तो योग आला. आतां चालकानें पालथें न निजतां बसून दोन उभे दांडे वापरावयाचे होते. सरावासाठीं विल्बर किटी हॉकला गेला आणि १४ मे रोजीं नव्या दांड्यावर हात चुकून त्यानें यंत्र जमिनीवर आदळलें. आठ वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाचा हात चुकतो, तेथें आपल्या मुलांना फार रागें भरण्यांत अर्थ नाहीं. दोघां भावांचे दांडेहि पुढें निरनिराळ्या पद्धतीचे झाले, आणि एकाच्या पद्धतीवर शिकलेल्याला दुसऱ्याचें विमान चालविणें जड जाई. आजहि ट्रान्समीटरच्या दांड्यांचे वेगवेगळे प्रघात आहेत, आणि दुसऱ्याची पेटी हातीं घेण्यापूर्वीं तो कोणता हें विचारावेंच लागतें.

फ्रान्समध्यें ल मान्सजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर ८ ऑगस्ट १९०८ रोजीं, शनिवारीं, विल्बर उडाला. तत्पूर्वीं इंजिनाची नळी फुटून उकळत्या पाण्यानें त्याचा हात व कूस भाजली होती. तो यंत्राशेजारींच छपरांत झोंपे. आणि त्याच्या दिरंगाईची वर्तमानपत्रें चेष्टा करीत होतीं. उड्डाण पावणेदोन मिनिटांचें झालें. परंतु तें पाहणाऱ्या फ्रेंच वैमानिकांना स्वतःचीं विमानें गाडीसारखीं सपाट फिरवावीं लागत. हें यंत्र घारीप्रमाणें कलून वळलें, आणि त्यांना आपण कोठें आहों तें कळून चुकलें. दुसऱ्या दिवशीं पुन्हां उडावें म्हणून सर्वांनीं आग्रह केला. पण तो रविवार होता, व प्रभूच्या दिवशीं हे भाऊ कधींच उडत नसत. यंत्र छपरांतच राहिलें.

१७ सप्टेंबरच्या अपघाताची अमेरिकेंतून तार आली. फोर्ट मायर येथें ऑर्व्हिलचें विमान पंखा मोडून कोसळलें, सोबत बसलेला लेफ्टनंट सेल्फ्रिज मरण पावला आणि ऑर्व्हिल मरणाच्या दारांत होता.  मी तेथें असतों तर हें झालें नसतें, असें विल्बरला वाटत राहिलें. कॅथरिन शाळेंतील नोकरी सोडून भावाच्या शुश्रूषेस धांवली. विल्बरनें चार दिवसांनीं पुन्हां यंत्र बाहेर काढलें आणि दीड तास उडत राहिला. वर्षाच्या अखेरच्या दिवशीं, कडाक्याच्या थंडींत, त्यानें दोन तास वीस मिनिटांचा विक्रम केला.

कीर्ति आली, राजेरजवाडे भेटीस आले, आणि तिच्या मागोमाग कोर्टकचेऱ्या आल्या. पेटंटाचा भंग करणाऱ्यांविरुद्ध भावांनीं खटले भरले. कायद्यानें त्यांची बाजू बरोबर होती असें न्यायालयांनीं पुष्कळदां ठरविलें. तरीहि हें लिहितांना वाईट वाटतें कीं, ज्या मनुष्यानें जगाला उडावयास शिकविलें तो शेवटचीं दोनतीन वर्षें वकिलांच्या कचेऱ्यांत बसून राहिला, आणि नवीन असें कांहीं त्याच्या हातून झालें नाहीं. वृद्ध शनूट यांच्याशींहि याच कारणानें त्याचें वितुष्ट आलें. ते १९१० त वारले. त्यांच्या धीराच्या शब्दांचा विल्बरला विसर पडला होता असें मी म्हणणार नाहीं. पण ऋण मानण्याची पाळी आली तेव्हां त्याचा हात आंखडला, हें खरें.

घरांतील एक करार मात्र अखेरपर्यंत पाळला गेला होता. दोघे मुलगे एकाच वेळीं विमानांत बसणार नाहींत, असें बिशपसाहेबांनीं त्यांच्याकडून कबूल करून घेतलें होतें. एक पडला तर दुसऱ्यानें काम पुढें न्यावें, हाहि त्यांत हेतु होता. २५ मे १९१० रोजीं, आतां काम पुरें झालें असें मानून, त्यांनीं परवानगी दिली, व विल्बर आणि ऑर्व्हिल प्रथमच जोडीनें हवेंत गेले. त्याच दिवशीं ८१ वर्षांचे बिशपसाहेब स्वतः ऑर्व्हिलच्या शेजारीं बसले. उंच गेल्यावर ते भ्याले असतील असें खालच्या लोकांस वाटलें. ते तर मुलाच्या कानाशीं वांकून आणखी वर जाण्यास सांगत होते!

मे १९१२ च्या आरंभीं विल्बर प्रवासाहून तापानें फणफणत घरीं आला. तो विषमज्वर होता. सोळा वर्षांपूर्वीं ऑर्व्हिलला झालेलाच. ज्या भावाच्या उशाशीं तो बसला होता तो आतां त्याच्या उशाशीं बसला. ३० मे रोजीं पहाटे, वयाच्या पंचेचाळीसाव्या वर्षीं, विल्बर राइट मरण पावला. स्मिथ्सोनियन संस्थेस पुस्तकांसाठीं पत्र लिहिलें, त्या तारखेस बरोबर तेरा वर्षें झालीं होतीं. त्यानें लग्न केलें नव्हतें. १ जूनला दुपारीं दफनाच्या वेळीं डेटनमधील घंटा वाजल्या व शहरांतील व्यवहार कांहीं मिनिटें थांबले. डेटनच्या वुडलँड दफनभूमींत, जिला तो रोज रात्रीं उचलून वर नेत असे त्या आईजवळ, त्याला ठेवण्यांत आलें. बिशपसाहेब त्या वेळीं ८३ वर्षांचे होते, व आणखी पांच वर्षें जगले.